दादासमोर साक्ष देऊ का?

पत्र

ताई, सप्रेम सलाम. मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका गावात राहते, अंगणवाडीत मदतनीस आहे. दोन वर्षांपूर्वी मला फुप्फुसाचा टीबी झाला. सहा महिने गोळ्या घेतल्या. त्या काळात आमच्या चर्चच्या मंडळीने माझ्यासाठी खूप प्रार्थना केली. एका रात्री मला अशी शांती मिळाली की मरणाची भीतीच गेली. आता मी पूर्ण बरी आहे.

आमचे बाबा एप्रिल २०२१ मध्ये करोनात गेले. त्यांच्यासाठीही मंडळीने रात्रंदिवस प्रार्थनेची साखळी धरली होती. तेव्हापासून दादा उपासनेला येत नाही. तो पुण्याकडे कंपनीत आहे. नाताळात घरच्या प्रार्थनेत मी साक्ष दिली, म्हणजे प्रभूने माझ्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगितलं. ‘प्रभूने माझी प्रार्थना ऐकली’ असं म्हणाले, तर तो उठून बाहेर गेला. नंतर एवढंच बोलला, ‘म्हणजे बाबांची नाही ऐकली.’

पुढच्या महिन्यात बाबांचा स्मरणदिन आहे. दादा-वहिनी येणार आहेत. पाळकसाहेब म्हणतात, त्या दिवशी साक्ष दे, दादाचं मन वळेल. मंडळीतला एक तरुण व्हिडिओही करणार आहे. त्याचं म्हणणं, गोळ्यांचं फार सांगू नकोस, साक्षीचा जोर कमी होतो. शेजारच्या वारकरी काकूही मला विचारतात, ‘एवढ्या आजारात तू खंबीर कशी राहिलीस?’ त्यांना सांगू की नको? दादा परत विश्वासात यावा म्हणून साक्ष कशी देऊ? — तुमची लेक

उत्तर

प्रिय लेकी, सप्रेम सलाम.

स्मरणदिनाला साक्ष देऊ नकोस. तारीख जवळ आली आहे, म्हणून हे आधी सांगते आणि मग कारणांकडे वळते.

तो दिवस बाबांचा आहे. दादा पुण्याहून येणार तो वडिलांची आठवण काढायला, आईजवळ बसायला. तू उभी राहून बोलू लागलीस की पहिल्याच वाक्याला त्याला कळेल, हे सगळं आपल्यासाठी चाललंय. खोलीतल्या पंचवीस माणसांना ते आधीच ठाऊक असेल. काहीजण तुझ्याकडे बघतील, बाकीचे त्याच्या चेहऱ्याकडे. नाताळात तो उठून बाहेर जाऊ शकला. वडिलांच्या स्मरणदिनाला, आई समोर बसलेली असताना, त्याला उठताही येणार नाही. ज्याला उठून जाता येत नाही त्याच्यापुढे साक्ष देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. मार्कच्या शुभवर्तमानात तो श्रीमंत माणूस येशूकडे येतो, उत्तर ऐकतो आणि खिन्न होऊन निघून जातो. येशूने त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली असं तिथे लिहिलं आहे, आणि तरीही त्याला जाऊ दिलं आहे. मागे कुणाला धाडलं नाही, दार अडवलं नाही.

आता तुझ्या साक्षीविषयी. त्या रात्री तुला जे मिळालं ते खरं आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. ते लपवावं असंही मी म्हणत नाही. गरसेकरांच्या प्रदेशातला तो भूतग्रस्त बरा झाल्यावर येशूच्या मागे येऊ म्हणाला, तेव्हा येशूने त्याला घरी पाठवलं. आपल्या माणसांकडे जा, प्रभूने तुझ्यासाठी काय केलं आणि तुझ्यावर कशी दया केली ते सांग, एवढंच त्याच्यावर सोपवलं. ‘तुझ्यासाठी काय केलं’ हे सांगायचं होतं. शेजाऱ्यासाठी काय केलं नाही, किंवा का केलं नाही, याचं उत्तर त्याच्याकडे मागितलंच नव्हतं. तुझ्याकडेही ते मागितलेलं नाही. पण ‘प्रभूने माझी प्रार्थना ऐकली’ हे वाक्य बाबांच्या घरात उच्चारलं की ते उत्तर आपोआप दिल्यासारखं होतं. दादाने ते बरोबर ऐकलं. त्याची ऐकण्यात चूक झाली नाही, हे आधी मनाशी मान्य कर.

आपल्या मंडळ्यांमध्ये फारसं न वाचलं जाणारं एक ठिकाण तुला दाखवते. प्रेषितांची कृत्ये, अध्याय बारा. येशूचा शिष्य पेत्र याच्या तुरुंगातून सुटकेची गोष्ट संडे स्कूलमध्ये आपण सगळ्यांनी ऐकली आहे. चार-चार शिपायांच्या चार तुकड्यांचा पहारा, दोन साखळ्या, देवदूत, आपोआप उघडलेला लोखंडी दरवाजा. पण संडे स्कूलची गोष्ट बहुतेक तिसऱ्या ओवीपासून सुरू होते. दुसरी ओवी अगदी लहान आहे. हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने जिवे मारलं. बस, एवढंच. बारा शिष्यांपैकी एक, डोंगरावर येशूचं रूपांतर पाहिलेला, गेथशेमानेत जवळ बसवलेला, आणि त्याच्या मरणाला एक ओळ. मग पेत्राला पकडलं, मंडळीने एकाग्रतेने प्रार्थना केली, आणि पेत्र सुटला.

त्याच मंडळीने याकोबासाठी प्रार्थना केली नसेल का? हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने ते लिहिलेलं नाही, पण मला तरी वाटत नाही की त्या लोकांनी याकोबाला तसंच सोडलं असेल. एकाच शहरात, एकाच राजाच्या हातून, थोड्याच दिवसांच्या अंतराने एक मेला आणि एक वाचला. लूक कारण देत नाही. पेत्राचा विश्वास मोठा होता म्हणून, असंही तो म्हणत नाही. पेत्र तर त्या रात्री झोपला होता, आणि बाहेर पडेपर्यंत आपण दृष्टांत पाहतोय असंच त्याला वाटत होतं. प्रार्थना करणाऱ्यांचा विश्वास मोठा होता म्हणून, असंही नाही. त्या घरातली दासी रुदा धावत आत जाऊन म्हणाली, पेत्र दाराशी उभा आहे, तर ते तिला म्हणाले, तुला वेड लागलंय.

आणि मग पेत्राने त्या घरात काय केलं ते बघ. हाताने खुणावून सगळ्यांना गप्प केलं, प्रभूने आपल्याला तुरुंगातून कसं बाहेर काढलं ते सांगितलं, भावांना कळवायला सांगितलं आणि दुसरीकडे निघून गेला. त्याच्या साक्षीला लूकने एक वाक्य दिलं आहे. त्या शहरात याकोबाची माती अजून ओली होती. त्याच्यासाठी रडणारी माणसं त्या मंडळीत होती. पेत्राने ‘कसं’ सांगितलं, ‘का’ सांगितलं नाही. ही मर्यादा त्याने पाळली, म्हणून त्याची साक्ष याकोबाच्या घरच्यांनाही ऐकवता आली असेल, असं मला नेहमी वाटतं.

दादा कुठल्या ओवीत बसला आहे ते आता तुला दिसत असेल. तू तिसऱ्या ओवीपासून पुढची गोष्ट सांगतेस आणि तो अजून दुसऱ्या ओवीत आहे. त्याला अविश्वासू म्हणू नकोस. ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ हा प्रश्न स्तोत्रांत आहे आणि वधस्तंभावरही आहे. तो विचारणारा माणूस देवाला पाठ फिरवून बसलेला नसतो.

एक गोष्ट तुझ्या पत्रात नाही, पण विचारावीशी वाटते. बाबा गेले तेव्हा मंडळीतल्या कुणी ‘विश्वास कमी पडला’ असं काही बोललं होतं का? साखळीत खंड पडला, घरात कुणाच्या मनात किंतु होता, असं काही? आपल्याकडे अशी वाक्यं सहज बोलली जातात. बोलणारा विसरतो, आणि ऐकणाऱ्याच्या उरात ती कायमची राहतात. तसं झालं असेल तर दादाला तुझ्या साक्षीत तेच वाक्य पुन्हा ऐकू येतं. तिचा विश्वास पुरला, आमचा पुरला नाही. आईला किंवा वहिनीला हळूच विचारून बघ.

आणि त्या एप्रिलमध्ये दवाखान्यात कोण धावत होतं? मला वाटतं, दादाच. बेड मिळेना, ऑक्सिजन मिळेना, आत कुणाला सोडत नव्हते, निरोप फोनवर यायचे. अंत्यविधीला मोजकी माणसं, आणि तीही दुरून. मंडळीने खांदा दिला नाही, गीत म्हटलं नाही, नीट माती द्यायलाही मिळालं नाही. त्या वर्षी कितीतरी ख्रिस्ती घरांत असंच झालं, आणि त्या माणसांचं दुःख कुणी नीट ऐकूनच घेतलं नाही. तुम्ही गावात साखळी धरून प्रार्थना करत होता तेव्हा दादाने काय काय पाहिलं, हे घरात कुणी त्याला कधी विचारलंय का? चार वर्षांहून जास्त झाली. मला वाटतं, आधी साक्ष द्यायची पाळी त्याची आहे, आणि ऐकायची तुझी.

तेव्हा स्मरणदिनाआधी एकदा त्याच्याकडे जाऊन ये, किंवा तो एक दिवस आधी आला तर मळ्याकडे चालायला घेऊन जा. विचार, ‘दादा, बाबांच्या शेवटच्या दिवसांत काय काय झालं, मला कधी सांगितलं नाहीस.’ मग गप्प बस. तो चिडला तरी, रडला तरी, देवाला शिव्या दिल्या तरी गप्प बस. मध्येच वचन सांगू नकोस, वचन कितीही योग्य वाटलं तरी. ईयोबाचे तीन मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसले, तेवढंच त्यांनी चांगलं केलं. तोंड उघडल्यावर ते बिघडले.

त्याने तुला समोरून विचारलं, ‘मग बाबांची का नाही ऐकली?’ तर ‘मला माहीत नाही’ म्हण. ते खरंही आहे. ‘देवाची योजना होती’ किंवा ‘देवाला ते हवे होते’ असं म्हणू नकोस. आणि तुझंही दुःख सांग. बाबा तुझेही होते. तुला टीबी झाला तेव्हा रात्री तू कशाला घाबरत होतीस? माझा अंदाज आहे, खोकला आला की बाबांचा श्वास आठवत असेल. हे सगळं साक्षीतून का गेलं? तुझी नाताळातली साक्ष तू आजारी पडलीस तिथून सुरू झाली, म्हणून त्या साक्षीत बाबा नव्हते. खरी सुरुवात तर बाबांपासून आहे. ‘बाबा गेले तेव्हापासून मला श्वासाचं भय बसलं होतं. मला टीबी निघाला तेव्हा वाटलं, आता माझी पाळी. एका रात्री प्रार्थना करताना ते भय गेलं. सहा महिने गोळ्या घेतल्या आणि बरी झाले. बाबा का गेले ते मला अजून कळत नाही. तरी मी प्रार्थना सोडली नाही.’ ही साक्ष दादालाही ऐकता येईल. त्याने मागितली तर.

अशी अर्धवट, उघडी साक्ष देण्याची परंपरा आपल्याकडे आहे. पंडिता रमाबाईंनी १९०७ साली आपली साक्ष छापली. तेव्हा केडगावच्या मुक्ती सदनात त्यांच्या छत्राखाली शेकडो बायका-मुली होत्या, त्यांचं नाव जगभर पोचलं होतं. बाप्तिस्मा होऊन तर दोन तपं लोटली होती. मनात आणलं असतं तर त्यांना फक्त विजयाची कथा सांगता आली असती. त्यांनी दुष्काळात आई-वडील उपासमारीने कसे गेले ते लिहिलं. आणि १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यानंतरही कित्येक वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असंही सरळ लिहिलं. बाप्तिस्मा देणाऱ्यांना हे वाचून काय वाटेल, विरोधक त्याचा काय उपयोग करतील, याची त्यांनी फिकीर केली नाही. म्हणूनच शंभराहून जास्त वर्षांनंतरही ती साक्ष वाचताना कुणी आपल्याला ओढतंय असं वाटत नाही.

गोळ्यांचा प्रश्न. इथे मी जरा कडक बोलणार आहे. त्या तरुणाला साफ नाही म्हण. टीबीचे उपचार साधारण सहा महिने चालतात. पहिले दोन महिने चार औषधं एकत्र, पुढचे चार महिने तीन. तुला आठवत असेल, दोनेक महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, वजन वाढतं. नेमक्या याच टप्प्यावर माणूस म्हणतो, झालो बरा, आणि गोळ्या सोडतो. उरलेले जंतू मग त्याच औषधांना दाद देईनासे होतात. तो आजार पुढे जास्त लांबतो, औषधं जास्त जड होतात, आणि तीच दाद न देणारी लागण घरातल्या लेकराबाळांना होते. आता विचार कर, तुझी साक्ष ऐकायला कुणीतरी तिसऱ्या महिन्यातला पेशंट बसला आहे. गोळ्यांनी त्याला मळमळतंय, लघवीचा रंग लाल झालाय, कंटाळा आलाय. आणि तू म्हणालीस, ‘प्रार्थना केली आणि प्रभूने बरं केलं.’ त्याने दुसऱ्या दिवशी गोळ्या बंद केल्या तर? तुला ते कधी कळणारही नाही.

गोळ्या सांगितल्या की प्रभूचा वाटा कमी होतो, ही समजूत शास्त्रातली नाही. हिज्किया राजा मरणाला टेकला होता, भिंतीकडे तोंड करून रडला, देवाने त्याची प्रार्थना ऐकली आणि पंधरा वर्षं आयुष्य वाढवलं. आणि त्याच प्रसंगी यशयाने अंजिरांची ढेप आणून गळवावर बांधायला सांगितलं. प्रार्थनेचं उत्तर आणि अंजिरांचा लेप एकाच प्रकरणात शेजारी शेजारी आहेत. ज्याने आपल्यासाठी एक शुभवर्तमान लिहिलं त्या लूकला पौल ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. म्हणून तुझ्या साक्षीत आरोग्य केंद्र येऊ दे, थुंकीची तपासणी येऊ दे, दारात येऊन ‘आजची गोळी घेतली का’ विचारणारी आशाताई येऊ दे, निक्षय या सरकारी योजनेचे खात्यात जमा झालेले पैसे येऊ देत. सरकार आता टीबीच्या पेशंटला सकस आहारासाठी महिन्याला १,००० रुपये देतं, औषधं फुकट देतं. हे ऐकून एखादी बाई तपासणीला गेली, तर तुझ्या साक्षीने जीव वाचवला म्हणायचं.

व्हिडिओच करू नये असं माझं मत आहे. तो कापला जातो, त्यावर ‘डॉक्टरांनी हात टेकले’ असली पाटी चढते. तुझ्या बाबतीत तर डॉक्टरांनी हात टेकलेच नव्हते. एकदा मोबाइलवरून गेला की तू काय म्हणालीस आणि कुणापुढे म्हणालीस, यावर तुझा ताबा राहत नाही. शिवाय बाबांचा मृत्यू त्या साक्षीत येणार, आणि ते दुःख एकट्या तुझं नाही. आईला आणि दादाला विचारल्याशिवाय ते गावभर पाठवायचा अधिकार तुला नाही.

वारकरी काकूंना जरूर सांग. त्यांनी स्वतः विचारलं आहे, आणि पेत्राच्या पत्रात हेच आहे. तुमच्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण ते सौम्यतेने आणि आदराने द्या. काकूंना ही रीत परकी वाटणार नाही. तुकोबांनी ‘याती शूद्र वैश्य केला वेवसाव’ या अभंगात आपलं सगळं सांगितलं आहे. व्यवसाय बसला, दुष्काळ पडला, बायको अन्न अन्न करीत गेली, लाज वाटली, मग देवळाकडे वळलो. आणि ते सांगण्याआधी म्हणतात, ‘नये बोलों परि पाळिलें वचन, केलियाचा प्रश्न तुम्ही संतीं.’ बोलू नये, पण तुम्ही विचारलंत म्हणून बोलतो. काकूंना हा अभंग तोंडपाठ असेल. त्यांच्या ओट्यावर बसून जे झालं ते तुझ्या साध्या भाषेत सांग, आणि मग त्यांना विचार, ‘काकू, तुम्हाला वारीत काय मिळतं?’ तेही मनापासून ऐक. दुसऱ्याची भक्ती ऐकून घेतल्याने तुझा प्रभू तुझ्यावर रुसत नाही. पुढच्या वेळी धर्मप्रचाराची पत्रिका घेऊन जाऊ नकोस, ‘आमच्या प्रार्थनेला या’ म्हणू नकोस. त्यांना पुढे काही विचारायचं असेल तर त्या विचारतील. विहिरीपाशी येशूशी बोललेल्या शोमरोनी बाईने गावात जाऊन एवढंच म्हटलं होतं, या, पाहा. गावकरी शेवटी तिला म्हणाले, आता आम्ही तुझ्या सांगण्यावरून विश्वास धरत नाही, आम्ही स्वतः ऐकलं आहे.

अंगणवाडीत मात्र हा विषय काढू नकोस. मुलांपुढे तर नाहीच, पोषण आहार न्यायला येणाऱ्या आयांपुढेही नाही. आपला धर्म पाळायचा आणि सांगायचाही हक्क घटनेच्या पंचविसाव्या कलमाने तुला दिला आहे. पण तिथे तू सरकारची माणूस आहेस, आणि समोरची बाई तुझ्याकडून लेकरासाठी खाऊ न्यायला आलेली आहे. मनात नसलं तरी ती मान डोलावेल, कारण तिला उद्याही तुझ्याच दारात यायचं आहे.

दादाबद्दल तुला घाई झाली आहे, ते मी समजू शकते. पण माणसं आपापल्या वाटेने आणि आपापल्या वेळाने येतात, आणि सांगणाऱ्याला बहुतेक वेळा ते दिसतही नाही. १८९३ साली राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत नारायण वामन टिळकांना एक गोरा सहप्रवासी भेटला. गप्पा झाल्या, त्याने नवा करार हातात दिला आणि आपल्या वाटेने गेला. टिळक ते पुस्तक वाचू लागले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी थबकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो सहप्रवासी कोण होता हे टिळकांना कळलं नाही, आणि त्या प्रवासाचं पुढे काय झालं ते बघायला तोही थांबला नाही. पण घरात? टिळकांसारखा वक्ता, कवी, पेटलेला माणूस नवरा असूनही लक्ष्मीबाईंना आणखी सुमारे पाच वर्षं लागली. आणि त्या आल्या त्या नवऱ्याच्या वादाने नव्हे. जात देवाने केली की माणसाने, याचा स्वतःशी विचार करत करत आल्या. टिळकांनी त्यांना ओढत नेलं असतं तर आपल्याला ती लक्ष्मीबाई मिळालीच नसती, जिने पुढे नवऱ्याच्या रागालोभासकट सगळा संसार इतक्या खरेपणाने लिहून ठेवला.

दादा परत येईल असं वचन मी तुला देऊ शकत नाही. तो आला नाही तरी तो तुझा दादाच आहे. त्याच्यासाठी प्रार्थना कर, पण ‘तुझ्यासाठी प्रार्थना करते’ हे त्याला दर फोनला सांगू नकोस. फोनवर त्याच्या मुलांचं विचार, कंपनीतल्या शिफ्टचं विचार.

स्मरणदिनाला काय करायचं? सकाळी सगळ्यांनी मिळून कबरीवर जा, गवत काढा, फुलं ठेवा. हे दादाला त्या वर्षी नीट करायला मिळालं नव्हतं. घरच्या प्रार्थनेत ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतपुस्तकातलं बाबांच्या आवडीचं गीत घ्या, एक स्तोत्र वाचा, आणि ज्याला बाबांची आठवण सांगावीशी वाटेल त्याने सांगावी. ती भक्तीची असली पाहिजे असं नाही. बाबा बैलबाजारात कसे फसले होते, ही आठवणही चालेल. दादाला आदल्या दिवशीच सांगून ठेव, बोलायचं असेल तर बोल, प्रार्थनेत बसायचं नसेल तर ओट्यावर मुलांबरोबर बस, कुणी काही म्हणणार नाही. आणि खरंच कुणी काही म्हणणार नाही, हे आईकडून आणि आत्यांकडून आधी कबूल करून घे.

पाळकसाहेबांशी आजच बोल. त्यांचा हेतू चांगला आहे, त्यांना दुखावू नकोस. म्हण, ‘साहेब, साक्ष मी देणार आहे, पण बाबांच्या दिवशी नाही.’ त्यांच्यासाठी त्या दिवशी दुसरं काम आहे. त्यांनी तासभर आधी यावं, दादाजवळ बसून चहा घ्यावा आणि २०२१ मध्ये मंडळी तुमच्या दारात येऊ शकली नाही, याबद्दल त्याच्याशी दोन शब्द बोलावे. ते पाळकानेच बोलायला हवे.

तुझी साक्ष उपासनेतच होऊ दे. २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन असतो. त्या आठवड्यातल्या रविवारी पाच-सात मिनिटं मागून घे, आधी कागदावर लिहून काढ आणि आईला वाचून दाखव. आशाताईंनाही बोलव. तू बोललीस की त्यांना दोन मिनिटं दे, म्हणजे दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायला कुठे आणि कोणत्या वारी यायचं, ते त्या सगळ्यांना सांगतील.